शहापूरचं कल्हईचं दुकान, आजोबांच्या माघारी

बेळगावच्या शहापुरात, भांड्यांच्या दुकानांच्या मागच्या बोळात हे कल्हईचं दुकान आहे. पाटी नाही, कधी नव्हतीही. मराठी गिऱ्हाईक 'आजोबांकडं' म्हणत आलं, कानडी गिऱ्हाईक 'अज्जांकडं', आणि दोघांनाही बोळ बरोबर सापडत आला. आजोबा गेल्या पावसाळ्यात वारले. आता भट्टीवर नातू बसतो, घासणं-धुणं, नाव घालणं आणि हिशेब नात बघते. आजोबांच्या हातची कल्हई आता मिळेल का, असं खानापूर, निपाणी, चंदगडकडची माणसंही विचारतात. दिवाळीनंतर आणि यंदाच्या वैशाखात अशा दोन खेपांत मिळून अकरा भांडी इथं करून घेतली, काम होताना उभं राहून पाहिलं आणि नंतर वापरून तपासलं. त्यावरून हे लिहितो आहोत.

आधी निकाल. रोजच्या वापरातली पातेली, तपेल्या, वाट्या, पराती डोळे मिटून द्या. अठरा इंची आणि त्याहून मोठी जेवणावळीची पातेली मात्र लग्नसराईत टाकून येऊ नका. द्यायचीच असतील तर उभं राहून करून घ्या. असं का, ते पुढं येतंच.

कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा (टिनचा) हात. चिंच, कोकम, ताक, टोमॅटो असं काही आंबट उघड्या तांब्या-पितळेत ठेवलं की ते कळकतं. तांबं अन्नात उतरतं, चव कडवट होते, मळमळ आणि उलट्या होतात. कथलाला असल्या हलक्या आंबटाची बाधा होत नाही, म्हणून त्याचा पातळ थर मध्ये घालायचा. दिसायला हे दहा मिनिटांचं काम आहे: भांडं तापवलं, चिमूटभर पूड टाकली, कापसानं पुसलं, चांदीसारखं झालं. पण कल्हई टिकते ती भट्टीच्या आधीच्या घासण्यावर, आणि आजोबांचं नाव झालं ते त्या घासण्यामुळं.

जुन्या पद्धतीत भांडं पायानं घासायचं. पातेल्यात बारीक वाळू, विटेची पूड आणि भिजवलेली चिंच टाकायची, वर गोणपाटाचा तुकडा घालायचा, त्यावर अनवाणी उभं राहायचं, दोन्ही हात भिंतीतल्या खुंटीला धरायचे आणि कमरेतून डावीकडं-उजवीकडं पिळे घेत राहायचं. पाय तळाला घट्ट, फिरतं ते अंग. मधल्या आकाराच्या पातेल्याला असं वीस-पंचवीस मिनिटं चालतं आणि पोटऱ्यांचे गोळे होतात. आजोबांनी हे पंच्याहत्तरी ओलांडेपर्यंत केलं, आणि गात केलं. बोळातली पोरं जमायची, आजोबा त्यांना टाळ्यांचा ठेका धरायला लावायचे. शिवजयंतीच्या दिवसांत लेझमीचा ठेका, एकादशीला अभंगाचा, शिमग्यात जे तोंडाला येईल त्याचा. अजून किती वेळ, असं कुणी विचारलं तर मिनिटं सांगत नसत, अजून दोन कडवी म्हणून सांगत. लहान तपेलीला चार कडवी, पातेल्याला दहा, असं त्यांचं माप होतं.

लोकांना तो आजोबांचा नाच वाटायचा, आणि होताच. पण ठेका धरल्यामुळं डावीकडं जितके पिळे तितकेच उजवीकडं पडत, तळाच्या मध्यभागी जितका जोर तितकाच कडेच्या वळणाला. अंदाजानं घासणारा माणूस मधला भाग लखलखीत करतो आणि तळ जिथं भिंतीला मिळतो ती गोलाई विसरतो. खराब कल्हई पहिल्यांदा काळी पडते ती त्या गोलाईलाच. आजोबांच्या भांड्यांना तिथं कधी डाग धरला नाही. त्यांची करमणूक आणि त्यांची कारागिरी वेगळी काढताच येत नसे.

आता पायानं घासणं बंद झालं आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. नात भांडं आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवते. वीस लिटर पाण्याला अर्धा किलो सोडा, अर्धा तास. यानं वर्षानुवर्षांचं तेल-तूप सुटतं. मग स्वच्छ धुऊन पातळ ॲसिडमध्ये दोन-तीन मिनिटं, म्हणजे हिरवट-काळा थर जातो. मग पुन्हा वाळू आणि चिंचेनं हातानं घासणं, आणि शेवटी तीन पाण्यांनी धुणं. ॲसिडचं हे काम घरी करून बघू नका. दुकानातही ती हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून करते, ॲसिड नेहमी पाण्यात ओतते, ॲसिडवर पाणी कधीच नाही.

भांडं निघालं की नाही, हे ती ज्या खुणेनं ओळखते ती आजोबांचीच आहे. धुतलेल्या भांड्यात पाणी फिरवून ओतून टाकायचं. आतून पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर भांडं तयार. पाणी तुटून थेंब-थेंब झालं तर तिथं अजून तेलकटपणा आहे, परत सोड्यात. बरेच कारागीर ही पायरी गाळतात. कारण साधं आहे: तेलकट जागेवर कथील बसत नाही, पण पुसताना आजूबाजूचं कथील त्यावर पसरतं आणि दुकानातून नेताना डाग दिसत नाही. महिन्याभरात तो भाग पापडासारखा सुटतो. आमच्यासमोर दोन भांडी या परीक्षेत नापास झाली आणि गर्दी असूनही परत सोड्यात गेली. आजोबांच्या शिस्तीतलं जे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते इथं शाबूत आहे.

यानंतर भट्टी. जमिनीत खड्डा, त्याला आतून खानापूरकडच्या मातीचा लेप, वर कोळसा. भांडं सांडशीनं धरून निखाऱ्यावर फिरवत तापवायचं. तापलं कधी म्हणायचं? नवसागराची (अमोनियम क्लोराईडच्या पुडीची) चिमूट आत टाकली की पांढरा धूर लगेच उठला पाहिजे. नवसागर नुसताच पडून राहिला तर भांडं थंड आहे. पुसायचा कापूस भांड्याला लावताच पेट घेत असेल तर भांडं फार तापलं आहे. या दोन्हींच्या मधली वेळ साधायची. कथील वितळतं २३२ अंश सेल्सिअसला, तांबं १०८५ ला, त्यामुळं भांड्याला धोका नसतो, धोका कथलालाच असतो. जास्त उष्णतेत कथील हवेशी संयोग पावून पिवळसर पडतं आणि ती पिवळी झाक नंतर घासून जात नाही.

नवसागर कशाला, हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. तापलेल्या तांब्यावर हवेनं लगेच काळपट थर धरतो आणि त्या थरावर कथील चिकटत नाही. नवसागर तापला की फुटतो, त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते, ती वाफ काळा थर खाऊन टाकते आणि त्याच क्षणी कथील उघड्या धातूला जाऊन बसतं. वर हवेत हे दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात, तोच तो पांढरा धूर. म्हणून नवसागर, कथील आणि कापूस हे तिन्ही हात एकामागून एक लागोपाठ चालावे लागतात. मध्ये पाच सेकंद गेले तरी काळा थर परत धरतो. नातवाचा हात इथं पक्का आहे. कथलाची कांडी तापलेल्या भिंतीला टेकवली की ती तुपासारखी उतरते, कापसाचा बोळा तळापासून काठाकडं गोल फिरतो, परत एक चिमूट, परत एक फेरा, आणि लगेच पाण्याच्या टाकीत. टाकीत भांडं जाताना जो चर्रर्र आवाज होतो त्यात पोरांनी आपला आवाज मिसळायचा, असा आजोबांचा नियम होता. पोरं अजून ओरडतात. फक्त धुरापासून त्यांना लांब ठेवा. तो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, दमेकरी माणसानं तर बोळाच्या तोंडाशीच थांबावं. आजोबा तोंडाला ओला पंचा बांधायचे, नातू मुखपट्टी लावतो. दुकान दोन्ही बाजूंनी उघडं आहे, ही चांगली गोष्ट.

दहा इंची पातेल्याला आतून वीस ग्रॅमच्या आसपास कथील जातं, वीस इंची खोल पातेल्याला शंभरच्या वर. कथील महाग आहे, आणि सगळी लबाडी इथंच होते. कथलात शिसं मिसळलं की माल स्वस्त पडतो, तो १९० अंशांच्या आसपासच पातळ होतो, कोळसा कमी लागतो, हात सोपा चालतो आणि चमक उलट जास्तच दिसते. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. मग त्या भांड्यात आमटी, ताक, कोकमाचं सार होतं आणि शिसं हळूहळू अन्नात उतरतं. ते अंगात साठत जातं, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त अपाय होतो. कळकलेलं अन्न निदान तोंडाला कडू लागतं. शिशाला तशी चव नाही, म्हणून ते अधिक वाईट.

आजोबांचा कथील ओळखण्याचा खेळ सगळ्या शहापुराला ठाऊक होता. नवीन कांडी आली की ती पोराच्या कानाशी धरून हळूच वाकवायची. शुद्ध कथील वाकताना चिरचिर आवाज करतं, कारण आतले स्फटिक मुरडतात. कथील बोलतंय का बघ, म्हणून ते पोराला विचारायचे, आणि पोरानं मान हलवली की चिरमुऱ्यांची मूठ हातावर यायची. शिसं मिसळलेली कांडी मऊपणानं, मुकाट वाकते. पोरांचा खेळ व्हायचा आणि गिऱ्हाइकासमोर मालाची परीक्षाही होऊन जायची. तुम्हीही मागून बघा. नातू न कुरकुरता कांडी हातात देतो, हे आम्ही दोन्ही वेळा पाहिलं. दुसरी परीक्षा पांढऱ्या कागदाची. कांडी कागदावर ओढा. पेन्सिलीसारखी करडी रेघ सहज उमटली तर तीत शिसं आहे. शुद्ध कथलाची रेघ जेमतेम उमटते. या दोन परीक्षा कुठल्याही कल्हईवाल्याकडं करता येतात, आणि जो त्या करू देत नाही त्याच्याकडं भांडं ठेवू नये.

जुन्या कल्हईवर नवीन कल्हई करताना आणखी एक गोष्ट बघायची. आधीची कल्हई कुठं झाली आणि तिच्यात काय होतं, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून इथं पहिल्यांदा भांडं तापवून जुनं कथील कापसानं पुसून काढतात, तो कापूस वेगळा टाकतात, मग परत सोडा-पाणी आणि मग नवा हात. याला वेळ जास्त लागतो आणि पैसेही थोडे जास्त पडतात. द्यावेत.

आता जे बिघडलं ते. अकरातली आठ भांडी निर्दोष निघाली. एका तपेलीच्या कानाच्या रिबिटाभोवती आतून केसाएवढी काळी रेघ राहिली होती. रिबिटाच्या फटीत ॲसिड अडकून राहिलं की अशी रेघ दोन-तीन आठवड्यांनी वर येते. तीन पाण्यांनी धुतलं तरी फटीतलं निघत नाही, तिथं सोड्याचं पाणी घालून थोडा वेळ ठेवावं लागतं. दाखवल्यावर नातीनं विनामूल्य परत करून दिलं, दुसऱ्याच दिवशी.

उरलेली दोन जेवणावळीची पातेली होती, एक अठरा इंची, एक वीस इंची. दोन्हींच्या तळाला तळहाताएवढा पिवळसर पट्टा, आणि काठाजवळ कथील इतकं पातळ की चार जेवणांत तांबं डोकवायला लागलं. हे नातवाच्या आळसानं झालं नाही. कारण भट्टीच्या वाऱ्यात आहे. आजोबा चामड्याचा भाता वापरायचे, आता विजेचा पंखा आहे. पंखा एकाच जागी एकसारखा वारा मारतो, त्यामुळं निखाऱ्याचा मधला भाग पांढरा पडतो आणि कडा लालच राहतात. लहान भांडं फिरवता येतं, म्हणून त्याला फरक पडत नाही. वीस इंची पातेलं एकट्या माणसाला तसं फिरवता येत नाही. तळ जळतो, काठ थंड राहतो, आणि थंड काठावर कथील ओढलं तर ते पातळ बसतं. आजोबा मोठ्या भांड्याला भात्यावर माणूस बसवायचे, बहुतेक वेळा बायकोला, म्हणजे आजींना, आणि स्वतः भजन धरायचे. ध्रुपदाला भाता मंद, अंतऱ्याला जोरात. वरवर गंमत, पण त्या चढ-उतारामुळं निखारा एका जागी भडकत नसे आणि मंद वेळेत उष्णता काठापर्यंत पोचत असे. त्यांच्या काळच्या वीस इंची पातेल्यांचे काठ आम्ही बघितले आहेत, सहा-सहा लग्नं झाली तरी पांढरे होते.

लग्नसराईत हा दोष वाढतो, कारण दिवसाला पाच-सहा मोठी भांडी येतात आणि फिरवायला दुसरा हात नसतो. लग्नसराई सोडून मोठी भांडी दिली तर काम निवांत होतं. पावसाळ्यात आजोबा मोठं भांडं घेतच नसत. बेळगावच्या पावसात कोळसा ओलसर राहतो, नवसागर दमट होऊन गोळा धरतो, आणि ओला नवसागर तापल्या भांड्यात तडतडून उडतो. ही शिस्त नातवानंही ठेवली आहे, आषाढात मोठ्या भांड्याला सरळ नाही म्हणतो.

भोक पडलेलं किंवा सांधा सुटलेलं भांडं असेल तर ते आधी सांगा. अन्नाच्या भांड्याला आतून कथील-शिशाचा डाख (वितळवून भरलेला जोड) नको, पितळी डाख टाकणखार लावून भरायचा आणि त्यानंतर कल्हई. उलट क्रमानं केलं तर डाखाच्या उष्णतेनं कल्हई जळते. जुन्या भांड्याला आधीच कुणी मऊ डाख लावला असेल तर कल्हईच्या भट्टीवर तो वितळून तोटी किंवा बूड हातात येतं, आणि मग भांडण होतं. नातू आधी सगळी भांडी टिचकी मारून, उजेडात धरून बघतो आणि दोष दाखवूनच घेतो. काठाला चीर गेलेलं पितळेचं भांडं घेत नाही, कारण तापलेलं पाण्यात घातलं की चीर वाढते. बंबाची तोटी बदलणं, नळीचं भोक बुजवणं हेही इथं होतं आणि चांगलं होतं, पण त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. बंबाला आणि पाण्याच्या तांब्याच्या घागरीला कल्हई लागत नाही. तरी कुणी मागितली तर ते गरज नाही म्हणून परत पाठवतात, पैसे सोडून.

भांड्यावर नाव घालणं हा या दुकानाचा दुसरा हात. आजोबा छिन्नी आणि हलक्या हातोडीनं टिंब-टिंब मारून नाव घालायचे, देवनागरीत आणि कानडीतही, तितक्याच वळणदार अक्षरांत. घरात मराठी आणि व्यापारात कानडी अशी शहापुरातली पुष्कळ कुटुंबं, त्यामुळं एकाच लग्नातल्या भांड्यांवर दोन्ही लिपी लागायच्या. नावाच्या शेवटी ते एक लहानशी चिमणी काढायचे, पाच टिंबांची. पैसे नावाचेच, चिमणी फुकट. बेळगाव-खानापूरकडच्या घरांत माळ्यावरची जुनी परात उतरवली आणि काठाला पाच टिंबांची चिमणी दिसली तर ती या दुकानातून गेली आहे असं समजा. आता विजेच्या पेनानं नाव घालतात. रेघ सलग येते, लवकर होतं, पण खोली कमी, दहा वर्षांच्या घासण्यात पुसट होईल. नातीला टिंबांचं काम येतं. मागितलं तर ती करते, वेळ दुप्पट लागतो, आणि चिमणीही काढते. मागाच.

दर भांड्याच्या तोंडाच्या इंचांवर आणि खोलीवर ठरतो. दहा इंची पातेल्याला यंदा तीनशे रुपये पडले, जुनी कल्हई काढून. फिरत्या कल्हईवाल्यापेक्षा हे जास्त आहे, पण वर सांगितलेलं घासणं आणि कथील बघता वाजवी आहे. सकाळी दहाच्या आत दिलं तर रोजची भांडी संध्याकाळी मिळतात. शनिवारी बाजारामुळं खेड्यातली गिऱ्हाइकं येतात, त्या दिवशी टाळा. पावती देत नाहीत, भांड्याला खडूनं आकडा घालतात आणि तोच आकडा चिठ्ठीवर. खडू पुसला जातो, म्हणून मोठी घाऊक भांडी देताना आपली यादी आपण ठेवा. यात सुधारणा व्हायला हवी.

नेताना भांडं उजेडात तिरकं धरून बघा. कापसाच्या फेऱ्याच्या हलक्या गोल रेघा दिसणारच, तो दोष नाही, हाताच्या कामाची ती खूण आहे. थेंब गोठलेले दिसले तर पुसणं कमी पडलं. गोलाईला, रिबिटांना आणि काठाला बोट फिरवा. कुठं खरखर लागली तर तिथंच परत द्या.

घरी आणल्यावर पहिल्यांदा भाताची पेज किंवा नुसतं पाणी उकळून टाकून द्या. मग वापर. रिकामं भांडं आचेवर कधी ठेवू नका, २३२ अंश गाठायला मोठ्या शेगडीवर दोन-तीन मिनिटं पुरतात आणि कथील तळाला गोळा होतं. तळणासाठी कल्हईची कढई नको. तेल धुरावलं की ते त्याच उष्णतेच्या आसपास असतं. फोडणी लोखंडी पळीत करून वरून घाला. कुंदा किंवा खवा आटवायचा असेल तर उलथनं लाकडी घ्या, लोखंडी खुरपणीनं एका बैठकीत तळ उघडा पडतो. घासायला राख किंवा मऊ काथ्या, तारेची घासणी नको. काही आठवड्यांनी चकाकी जाऊन कल्हई करडी पडते, त्याला घाबरू नका, थर जागेवर असतो. तांबूस किंवा पिवळा ठिपका दिसला की मात्र वेळ आली. शंका असेल तर त्या जागी दह्याचे चार थेंब ठेवून बघा. हिरवट झाक आली तर त्या भांड्यात आंबट शिजवणं थांबवा. रोज स्वयंपाक होणाऱ्या पातेल्याला चार ते सहा महिन्यांनी हात द्यावा लागतो, सणासुदीच्या भांड्याला वर्षातून एकदा.

मोठ्या पातेल्यांचा दोष नातवाला दाखवला तेव्हा त्यानं वाद घातला नाही. वीस इंची पातेलं परत घेतलं आणि भाता काढला. तो अजून भट्टीमागच्या भिंतीला टांगलेला आहे, चामडं मऊ आहे, नात दर महिन्याला त्याला तेल चोळते. भात्यावर आजी बसल्या. त्या गात नाहीत, पण ओठ हलत होते आणि भाता त्याच चालीवर मंद-जोरात चालला होता. या खेपेला पातेल्याचा काठ एकसारखा पांढरा निघाला, तळाला पिवळं काही नाही. मोठं भांडं घेऊन गेलात तर पंख्यावर नको, भात्यावर करून द्या म्हणून सांगा. पन्नास रुपये जास्त घेतात आणि आजी दुपारी तीननंतर येतात, त्या हिशेबानं जा.